लंकेचा वेढा आणि वेढलेला श्रोता : ‘रामविजया’तील युद्धभागाविषयी

श्रीधराच्या ‘रामविजया’चे नाव आपल्या वाङ्मयेतिहासांत आदराने घेतले जाते, परंतु तो आदर बहुतेक वेळा कवीच्या लोकप्रियतेला उद्देशून असतो, काव्याला उद्देशून नसतो. प्रासादिक रचना, ओघवती ओवी, आबालवृद्धांना कळणारी भाषा अशी दोनचार विशेषणे योजली, की समीक्षक मोरोपंतांकडे वळतो. त्यातही सीतास्वयंवर, भरतभेट यांच्या वाट्याला थोडेफार विवेचन येते. सेतू बांधून झाल्यावर जो लंकेचा वेढा सुरू होतो, त्या भागाविषयी मात्र आपण जवळजवळ मौन पाळतो. बाणांचे पाऊस, पर्वतांची फेकाफेक, रणवाद्यांचा गजर, मायावी राक्षसांचे कपट हे सारे पौराणिक अतिशयोक्तीच्या सदरात टाकून आपण मोकळे होतो. एका चर्चासत्रात एका व्यासंगी वक्त्यांनी हा भाग ‘पारायणापुरता’ असल्याचे सांगितले, तेव्हा सभागृहातील कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. मलाही त्या वेळी वाटले नव्हते.

आज वाटते. वाटण्याचे कारण अगदी साधे आहे. ‘रामविजय’ हे काव्य कोठे आणि केव्हा लिहिले गेले, या दोन प्रश्नांची उत्तरे आपण सर्वजण जाणतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. ते पंढरपुरात लिहिले गेले आणि १७०३ मध्ये पूर्ण झाले. ही दोन उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे कष्ट आपण घेतलेले नाहीत. ते घेतले, तर युद्धभागाचे वाचन बदलते, असे माझे मत आहे. हे मत सिद्धान्त म्हणून नव्हे, तर चर्चेसाठी मांडतो आहे.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. लंकेला मी येथे कविनिर्मित सृष्टीतील नगरी मानून चाललो आहे. श्रद्धावंतांना ती त्याहून अधिक काही आहे, हे मी जाणतो आणि त्या श्रद्धेशी माझा वाद नाही. परंतु काव्याच्या अभ्यासकाला तिचे तट, तिचे दरवाजे आणि तिच्यातील माणसे शब्दांतूनच भेटतात. ज्या नगरीचा तट शब्दांचा आहे, तिला वेढा कसा पडतो आणि ती कशामुळे पडते, हा वाङ्मयाचा प्रश्न आहे.

आता स्थळकाळाकडे येऊ. श्रीधर हा नाझऱ्याचा. नाझरे हे आपल्या सोलापूर जिल्ह्यातील, सांगोले तालुक्यातील माण नदीच्या काठचे गाव. कवीचा जन्म १६५८च्या सुमाराचा मानतात. म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या वेळी तो सोळा वर्षांचा आणि संभाजी महाराजांच्या वधाच्या वेळी, १६८९ मध्ये, तिशीत होता. पुढे पंढरपूर ही त्याची कर्मभूमी झाली. ‘हरिविजय’ १७०२ मधला, ‘रामविजय’ १७०३ मधला, ‘पांडवप्रताप’ १७१२ मधला. पहिले दोन प्रचंड ग्रंथ लागोपाठच्या दोन वर्षांतले आहेत, हे ध्यानात घेतले तर कवीची लेखणी त्या काळात किती वेगाने चालत होती याची कल्पना येते.

आणि त्याच काळात बाहेर काय चालले होते? १६८५–८६ मध्ये विजापूरला वेढा पडला तेव्हा बादशहाचा मुक्काम बराच काळ सोलापुरात होता. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे औरंगजेबाची मुख्य छावणी भीमेच्या काठी, पंढरपूरच्या खालच्या अंगाला, मंगळवेढे तालुक्यातील माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला होती. तिचे नाव त्याने इस्लामपुरी ठेवले होते. छावणी म्हणजे चार तंबू नव्हेत. ते एक चालते शहर होते. बाजार, कचेऱ्या, हत्ती, उंट, तोफा, कारागीर आणि त्यांच्यासाठी आसमंतातून गोळा होणारे धान्य व वैरण यांचा तो पसारा होता. पंढरीची विठ्ठलमूर्ती त्या धामधुमीत सुरक्षिततेसाठी बाहेर हलविल्याची परंपरा सांगितली जाते. १६९९ च्या अखेरीस बादशहा जातीने मराठ्यांचे गड घेण्यास निघाला. सातारा १७०० च्या एप्रिलमध्ये पडला, त्यानंतर परळी, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ च्या एप्रिलमध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा. साताऱ्याहून परतताना, १७०० च्या पावसाळ्यात, त्याचा तळ खवासपुरास होता. खवासपूर माण नदीवर आहे, नाझरेही माण नदीवरच. एका रात्री माणगंगेला पूर आला, छावणीत हाहाकार उडाला आणि धावपळीत बादशहाचा गुडघा निखळून तो जन्माचा अधू झाला. कवीच्या गावची नदी बादशहाच्या पायाशी अशी गाठ घालून गेली. पाठोपाठ दख्खनेत दुष्काळ आणि रोगराई आली, तिचे भीषण वर्णन मनुचीने केले आहे.

एवढे सारे सभोवती घडत असताना हा कवी पंढरपुरात बसून एका नगरीला पडलेल्या वेढ्याचे वर्णन ओवीमागून ओवी लिहीत होता. आणि आपण त्या वर्णनाला ‘पारायणापुरते’ म्हणतो.

येथे घाईने एक निष्कर्ष काढला जाण्याचा धोका आहे, आणि तो निष्कर्ष चुकीचा आहे. रावण म्हणजे औरंगजेब, वानरसेना म्हणजे मावळे आणि रामराज्य म्हणजे स्वराज्य, असे समीकरण मांडणे सोपे आहे. रामदासांच्या काव्यात बंदिवान देवांना सोडविणारा राम वारंवार येतो. त्यामुळे या समीकरणाला परंपरेचा आधारही आहे, आणि त्या काळच्या श्रोत्याच्या मनात ते असणारच. परंतु युद्धभागाशी ते नीट जुळत नाही. लंका हा दुर्ग आहे. रावण तटाच्या आत आहे. राम बाहेर आहे, आणि वेढा रामाचा आहे. सह्याद्रीत मात्र नेमके उलटे होते. तेथे तटाच्या आत आपली माणसे होती आणि बाहेर बादशहा होता. म्हणजे ज्या प्रदेशातील लोक वर्षानुवर्षे वेढ्याच्या आत राहण्याचा अर्थ जाणत होते, त्यांच्यासाठी त्यांचा कवी वेढा घालणाऱ्याच्या बाजूने काव्य सांगत होता. श्रोत्याची भक्ती तटाबाहेर उभी आणि त्याचा अनुभव तटाच्या आत कोंडलेला. ‘रामविजया’च्या युद्धभागातील सारा ताण या विसंगतीत आहे, असे मला वाटते. तो ताण जेथे जेथे जाणवतो तेथे काव्य जिवंत होते. जेथे तो नाही तेथे बाणांच्या याद्या सुरू होतात आणि तेथे कंटाळाही येतो, हे कबूल केले पाहिजे.

लंकेच्या दुर्गाकडे प्रथम पाहू. वाल्मीकीने हनुमंताच्या तोंडून लंकेच्या बंदोबस्ताचा जो वृत्तांत रामाला ऐकविला आहे, तो एखाद्या कसलेल्या हेराचा वाटावा असा आहे. चार बाजूंना चार महाद्वारे, त्यांवर यंत्रे, सभोवती मगरींनी भरलेले खंदक, खंदकांवर काढून घेता येणारे पूल. आणि नदी, पर्वत, वन व मनुष्यनिर्मित तट अशा चारही प्रकारचे दुर्गत्व. पुढे रामाने चारही दरवाज्यांवर नेमणुका केल्या. पूर्वेस नील, दक्षिणेस अंगद, पश्चिमेस हनुमान आणि रावण जेथे स्वतः उभा होता त्या उत्तर दरवाज्यावर राम-लक्ष्मण. आदिकवीला वेढा म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. आमच्याकडे ‘आज्ञापत्रा’चे दुर्गप्रकरण ‘रामविजया’नंतर सुमारे बारा वर्षांनी लिहिले गेले. त्यात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहण्याचा आग्रह आहे, एका झऱ्यावर विसंबू नये अशी ताकीद आहे, दरवाज्यांच्या रचनेची चर्चा आहे. ते ज्यांनी वाचले आहे त्यांना वाल्मीकीचा हनुमान परका वाटणार नाही.

पण या दोहोंत एक फरक आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. लंकेत पाणी संपत नाही. धान्य संपत नाही. वेढ्याचे खरे शस्त्र भूक. विजापूरच्या वेढ्यात तर वेढा घालणाऱ्या मोगलांचीच उपासमार झाली होती आणि रसद पोहोचली म्हणून ते टिकले. रामायणाच्या वेढ्यात भुकेला जागा नाही. वानर फळे-मुळे खाणारे, त्यांना रसदीची चिंता नाही. लंका सोन्याची, तिला दारिद्र्य ठाऊक नाही. अद्भुताने येथे काव्याची मोठी हानी केली आहे असे कोणी म्हणेल, आणि माझेही काही काळ तसेच मत होते. परंतु कुंभकर्णाचा प्रसंग पुन्हा वाचताना ते मत डळमळले. त्याला उठविण्यासाठी वाद्ये वाजवितात, अंगावरून हत्ती चालवितात, आणि उठताच त्याच्यापुढे अन्नाच्या राशी आणि मद्याचे घट रिचवितात. वेढा पडलेल्या नगरीची सारी भूक कवीने या एका देहात आणून ठेवली आहे. दुष्काळाच्या दिवसांत पंढरपुरातील श्रोता हे वर्णन ऐकताना केवळ हसला असेल काय? नगरीच्या कोठारात जे आहे ते एका महाबलाढ्यापुढे ओतायचे, कारण उद्याचा दिवस त्याच्यावर अवलंबून आहे, हा हिशेब त्या श्रोत्याला समजावून सांगावा लागला नसेल. शिवाय हा कुंभकर्ण उठल्यावर पहिल्यांदा करतो काय, तर रावणाला दोष देतो. नीती सांगतो. नंतर जेवल्या अन्नाला जागून मरायला निघतो. किल्ल्यावरच्या कित्येक शिबंदीच्या माणसांची कथा याहून निराळी नसावी.

आता बिभीषण. या पात्रापाशी आपली परंपरा नेहमीच अडखळत आली आहे. पोथीत तो चिरंजीव आहे, भक्तश्रेष्ठ आहे, आणि बोलीत ‘घरभेदी’ म्हणताना तोच आठवतो. एकच समाज एकाच व्यक्तीविषयी दोन परस्परविरुद्ध भावना इतकी शतके जपतो, याचे कारण भाबडेपणा खचित नव्हे. १७०३ चे पंढरपूर डोळ्यांपुढे आणले की ही दुविधा किती धारदार असेल ते कळते. त्या पाच-सहा वर्षांत मराठ्यांचे बहुतेक गड सुरुंगांनी वा तोफांनी पडले नाहीत. साताऱ्याला मोगलांनी सुरुंग उडविला तेव्हा तट त्यांच्याच सैन्यावर कोसळून सुमारे दोन हजार माणसे गाडली गेली; गड अखेर पडला तो बोलणी होऊन. विशाळगड पैसे मोजून रिकामा करून घेतला गेला. सिंहगड, तानाजीचा सिंहगड, ‘रामविजय’ पूर्ण झाले त्याच वर्षी पैशाने हातचा गेला. या मालिकेत निखळ हल्ल्याने घेतला गेलेला गड म्हणून इतिहासकार तोरण्याचे नाव घेतात. त्याआधी १६८७ मध्ये गोवळकोंड्याचा आठ महिन्यांचा वेढा संपला तोही आतून दरवाजा उघडला गेला म्हणून.

मराठ्यांच्या गडव्यवस्थेत हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकार वाटून दिलेले असत, ते याच भयाने. एकाच्या हाती किल्ल्या असू नयेत, हे शिवछत्रपतींचे धोरण होते. दुर्गाचा दुबळा चिरा म्हणजे त्यातील माणूस, हे ज्ञान येथे शास्त्राचे नव्हते, रोजचे होते. अशा श्रोत्यांपुढे श्रीधराला बिभीषण उभा करायचा होता, आणि तोही पुण्यवान म्हणून.

वाल्मीकीपासूनच एक तपशील कथेत आहे. लंका जिंकण्यापूर्वी, सेतूही बांधला जाण्यापूर्वी, राम समुद्राचे पाणी आणवून बिभीषणाला लंकेचा राजा म्हणून अभिषेक करतो. ‘बाजारात तुरी’ असे म्हणण्याचा मोह होतो खरा, परंतु हा त्या काळचा अगदी प्रत्यक्ष व्यवहार होता. राजाराम महाराजांच्या जिंजीच्या दरबाराने १६९१ मध्ये हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपडे यांना दिलेल्या सनदेत रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली जिंकल्यावर काय काय मिळेल, हे नमूद आहे. दिल्ली! हाती असलेल्या मुलखापेक्षा नसलेल्या मुलखाच्या सनदा अधिक, असा तो काळ होता. दुसऱ्या बाजूने बादशहाही मनसबी आणि जहागिरी पुढे करीत होता. वतनासाठी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे येणारे सरदार आपल्या इतिहासात थोडे नाहीत. बिभीषणाचा अभिषेक ऐकणाऱ्या श्रोत्याला ही सारी नावे आठवत असणार. तेव्हा प्रश्न असा उरतो : बिभीषणात आणि सिंहगड विकणाऱ्यात फरक कोणता? पोथीचे उत्तर असे आहे की बिभीषण आधी भर सभेत बोलला, अपमानित झाला, आणि मग उघडपणे गेला. त्याने रात्री दरवाजा उघडला नाही. हे उत्तर पुरेसे आहे की नाही, यावर मतभेद होऊ शकतील. परंतु १७०३ मध्ये हा प्रश्न विचारणे म्हणजे नुसते पुराण सांगणे नव्हते.

अहिरावण-महिरावणाचे आख्यान वाल्मीकीत नाही. ते उत्तरकालीन परंपरेतून आले. आख्यानाच्या प्रचलित रूपांत हनुमंत आपल्या शेपटाचा कोट करून रामाच्या तळाभोवती बसतो. म्हणजे वेढा घालणाराच स्वतःभोवती तट उभारतो, आणि तरीही राम-लक्ष्मण भुयारी मार्गाने पाताळात नेले जातात. वेढा घालणारी छावणी हीही एक वेढलेली जागा असते, हे ब्रह्मपुरीच्या शेजाऱ्यांना सांगायला नको होते. याहून अधिक या आख्यानाविषयी मला सांगायचे नाही. त्यातील करमणुकीचा भाग मोठा आहे, आणि तो तसाच राहू द्यावा.

सुलोचनेचे आख्यान मात्र वेगळे आहे. तेही वाल्मीकीचे नव्हे. आमच्या आजोळी चातुर्मासात ‘रामविजय’ लावीत. वाचणारे काका युद्धाचे अध्याय भरभर उरकीत. पण सुलोचनेचा अध्याय आला की आजी त्यांना थांबवीत असे आणि ‘सावकाश वाच रे’ म्हणत असे. घरातल्या सगळ्या बायका त्या दिवशी कामे आवरून येऊन बसत. त्या पोथीची त्या अध्यायातली पाने हाताळून हाताळून मऊ झालेली मी पाहिली आहेत. लहानपणी मला हे कळत नसे. लढाई सोडून रडारडीत यांना काय गोडी, असे वाटे.

कथा सर्वांना माहीत आहे. इंद्रजित पडतो. त्याची तुटलेली भुजा सुलोचनेच्या अंगणात येऊन पडते आणि आपल्या मरणाची हकीकत लिहून सांगते. शिर मात्र रामाच्या तळावर आहे. सहगमनासाठी तिला ते हवे आहे. ती वेढलेल्या नगरीतून निघते, शत्रूच्या गोटात जाते, तिच्या शब्दावर तेथे शंका घेतली जाते, शिर हसते, आणि राम ते तिच्या हवाली करतो. शिर घेऊन ती परत येते.

वेढ्याच्या कथेत एका शोकाकुल स्त्रीसाठी नगरीचा दरवाजा उघडतो आणि छावणीची वाट मोकळी होते, ही कल्पनाच विलक्षण आहे. आता १६८९ आठवावे. संभाजी महाराजांचा वध मार्चमध्ये झाला. त्यांच्या देहाची जी विटंबना झाली, ती महाराष्ट्राच्या मनात आजही ताजी आहे. शिर गावोगाव मिरविल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला आणि येसूबाई राणीसाहेब बाल शाहूराजांसह बादशहाच्या छावणीत गेल्या. पुढे वर्षानुवर्षे त्या छावणीबरोबर फिरत होत्या. ती छावणी १६९५ ते १६९९ या काळात कोठे होती ते वर आलेच आहे. भीमेच्या काठी, पंढरपूरच्या शेजारी. मराठ्यांची महाराणी शत्रूच्या तळावर होती, आणि तिला परत येण्याची वाट मोकळी नव्हती.

या साम्यावर मी अधिक भार देऊ इच्छित नाही. श्रीधराच्या मनात येसूबाई होत्या असे दाखविणारा कोणताही पुरावा माझ्यापाशी नाही, आणि तो असल्याचा आव मी आणणार नाही. पण कवीचे मन बाजूला ठेवले तरी श्रोत्याचे जग उरतेच. पतीचे शिर मागायला शत्रूच्या गोटात गेलेली स्त्री, आणि ते सन्मानाने परत देणारा शत्रू, हे चित्र त्या पिढीने ऐकले तेव्हा त्यांच्या मनात काय काय उलथापालथ झाली असेल, याचा विचार करण्यास आपल्याला पुराव्याची नव्हे, सहानुभूतीची गरज आहे. सुलोचना शत्रुपक्षाची आहे, राक्षसकुळातली आहे. तरीही पोथी ऐकणाऱ्या बायका रडतात त्या तिच्यासाठी. भक्ती तटाबाहेरच्या रामाची आणि अश्रू तटाच्या आतल्या स्त्रीसाठी. वर ज्या विसंगतीचा उल्लेख केला, ती येथे पूर्णत्वाला पोहोचते. या आख्यानातील सहगमनाचा गौरव आजच्या वाचकाला खटकतो, खटकलाच पाहिजे. त्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. पण खटकणाऱ्या भागासाठी सारे आख्यान दृष्टीआड करणे हेही वाचन नव्हे.

यावर सर्वांत बळकट आक्षेप असा की, ही कथा श्रीधराची नाही. ती त्याला आयती मिळाली. वाल्मीकी होता, नाथांचे ‘भावार्थ रामायण’ होते. (नाथांची लेखणी युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी थांबली आणि पुढचा भाग गावबाने पुरा केला. लंकेचा वेढा मराठीत आला तोच असा दोन हातांनी.) मग बिभीषण, कुंभकर्ण, सुलोचना यांच्या उपस्थितीवरून श्रीधराच्या काळाविषयी काय सिद्ध होणार? आक्षेप खरा आहे. परंतु आख्यानकवीचे कर्तृत्व कथा रचण्यात नसते. ती निवडण्यात, ताणण्यात आणि सांगण्याची वेळ साधण्यात असते. वाल्मीकीत नसलेली आख्याने त्याने आपल्या वेढ्यात सामावून घेतली, ती वेढ्याच्या आतल्या माणसांची आणि वेढ्याखालच्या भुयारांची. हा योगायोग असू शकेल. मला तो केवळ योगायोग वाटत नाही.

पाश्चात्त्य वाङ्मयातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या बृहत्कथेत स्वतःचे एक संपूर्ण जग निर्माण केले. भाषा, वंशावळी, नकाशे, सारे कल्पित. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या तिसऱ्या खंडात मिनास तिरिथ या नगरीला पडलेला वेढा हा त्या कल्पित युद्धाचा निर्णायक प्रसंग आहे. नगरीचा कारभारी तट पडण्यापूर्वीच मनाने खचतो. दरवाजा फुटतो, आणि त्याच क्षणी मित्रसैन्याची शिंगे ऐकू येतात. टॉल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, सोमच्या रणांगणावर होता. आपली कथा कोणत्याही युद्धाचे रूपक नाही, असे त्याने आवर्जून सांगितले. तरीही कथेतील प्रेतांच्या दलदलीच्या प्रदेशावर सोमच्या भूमीची छाया असल्याचे एका पत्रात त्याने मान्य केले. त्याचे समीक्षक हे दोन्ही जमेस धरतात. कल्पित जग हे कल्पितच, आणि तरीही लेखकाच्या पायाला लागलेला चिखल त्यात येतोच, असे ते मानतात. इंग्रज प्राध्यापकाला आपण जो न्याय सहज देतो, तो नाझऱ्याच्या कवीला देताना आपला हात आखडतो. टॉल्किनचे वाचक आपल्या विभागांतही आता पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी किती जणांनी ‘रामविजय’ उघडून पाहिले आहे, हा प्रश्न विचारण्यात मला संकोच वाटत नाही.

अर्थात श्रीधर हा टॉल्किन नव्हे. मिनास तिरिथच्या वेढ्यात जो काळाचा दाब आहे, दर प्रहरागणिक वाढत जाणारा अंधार आहे, तो लंकेच्या वेढ्यात नाही. आपला कवी घाईत नसतो. एकेका वीराचे द्वंद्व तो शेवटपर्यंत सांगतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो, त्यामुळे वेढ्याची एकत्रित हालचाल विस्कटते. कोणता दरवाजा फुटला, कोणता टिकला, हे श्रोत्याला विचारले तर त्याला सांगता येणार नाही. वाल्मीकीने आखलेला नकाशा येथे पुसट झाला आहे. या दृष्टीने पाहता युद्धवर्णन म्हणून हा भाग दुय्यम आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. माझे म्हणणे एवढेच, की तो युद्धवर्णन म्हणून वाचला जाऊ नये. तो वेढलेल्या माणसांविषयीचा आहे.

या मताची परीक्षा करावयाची तर तीही होऊ शकते. पंढरपूर, मंगळवेढे, सांगोले या टापूतील जुन्या घरांत आणि मठांत ‘रामविजया’च्या हस्तलिखित पोथ्या असतील, कीर्तनकारांची आख्यानाची बाडे असतील. युद्धभागातील कोणते अध्याय वेगळे काढून लिहून घेतले गेले, कोणत्या आख्यानांत ओव्या वाढल्या, कोठे समासात खुणा आहेत, आणि कोणते अध्याय नुसते पूर्णतेसाठी उतरविले गेले, हे पाहण्यासारखे आहे. बिभीषणाच्या अभिषेकापाशी नकलकारांनी काही फेरफार केले काय, हे तर मला विशेष पाहावयाचे आहे. पीएच. डी.च्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम हाती घेतल्यास आजोळची ती पोथी मी आनंदाने त्याच्या स्वाधीन करीन. तिची पहिली काही पाने गहाळ आहेत, पण लंकेचा वेढा तिच्यात पुरा आहे.